पितळी स्पून पाण्यात डुलत नाही, गरगर फिरतो. काय चुकतंय?

लालबागचा फिटर

नमस्कार मंडळी. चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यामुळे पत्रा आणि कानस हातातली आहे. गरवण्यातलं मात्र फार कळत नाही, म्हणून विचारतो.

माझा भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असतो. हिवाळ्यात तिथल्या नद्यांत स्टीलहेड गरवतो. मासा रेनबो ट्राउटच, पण समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला नदीत परततो. भाचा दिवाळीला येतोय. लहानपणी माझ्या वर्कबेंचशेजारी स्टुलावर बसून तासन्‌तास बघायचा, त्यामुळे परत जाताना त्याच्या बॅगेत माझ्या हातचे डझनभर स्पून, म्हणजे मासा भुलवायचे चमच्यासारखे चकाकते पत्रे, असावेत असं फार मनात आहे.

तांबाकाट्यावरून १८ गेजचा पितळी पत्रा आणला. साडेपाच सें.मी. लांब, अडीच रुंद असा लंबगोल पुठ्ठ्यावर काढून आखला, कापला, कडा घासल्या. सोनाराच्या काट्यावर एकेक पावणेअकरा ग्रॅम भरला. आंब्याच्या ठोकळ्यात खळगा कोरून त्यात गोल डोक्याच्या हातोडीने ठोकून खोलगट केला. मधोमध सहा मि.मी. खोल.

वसईला बहिणीच्या वाडीत बावखळ, म्हणजे छोटं तळं, आहे, तिथे ओढून पाहिला. दोन हात नीट येतो आणि मग भिंगरीसारखा फिरतो. दहा वेळा टाकला तर तंगूस इतका पिळला की सैल सोडताच त्याची वेटोळी झाली. त्यात दोन नगांना ठोकतानाच कडेला केसाएवढी चीर गेली. आठही नग फुकट गेले असं वाटून रात्रभर झोप नाही.

खाडीकाठ

काका, नग फुकट गेलेले नाहीत. मी मढ-मार्वेला मेटल, म्हणजे धातूचं आमिष, मारतो आणि वर्षातून एकदा हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटला जातो. हाच त्रास मी भोगलाय.

तुमची खोली जास्त आहे आणि ती बरोब्बर मध्यावर आहे. इतकी खोल वाटी पाणी धरून ठेवते, मग स्पून डुलायचा सोडून स्वतःभोवती फिरतो. सहाची तीन मि.मी. करा आणि सगळ्यात खोल जागा शेपटीकडच्या तिसऱ्या हिश्श्यात न्या. तोंडाकडचा भाग किंचित उलट्या अंगाला वळवा. बाजूने पाहिलं तर अळी चालताना दिसते तशी सौम्य नागमोड दिसली पाहिजे. पाणी आधी एका वळणावर आपटतं, मग दुसऱ्यावर, त्यातून ते डुलणं येतं. भोक मध्यरेषेवरच हवं, अर्धा मि.मी. बाजूला गेलं तरी एका अंगाने ओढतो. आणि तंगूस व स्पूनमध्ये स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, लावाच.

चिरा पडल्या कारण पितळ ठोकून ठोकून कडक झालं. मध्येच तापवून नरम करायचं. अंधाऱ्या खोलीत ब्लो लॅम्प मारा, काळपट लाल दिसला की बस. त्यापुढे गेलात तर जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो नाकात जाऊ देऊ नका. मग खुशाल पाण्यात बुडवा. पोलादासारखं पितळ त्याने कडक होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार!

तीर्थनसाठी मी २० गेजचे चार बाय १.८ सें.मी.चे करतो, साडेचार ग्रॅमच्या आसपास बसतात. तिकडे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदी असते, त्यामुळे माझी ठोकाठोक सगळी थंडीत चालते.

गिरगाव ते टॅकोमा

काका, मी त्याच राज्यात राहतो. भाच्याला मोठी चैनच करून देताय.

हिवाळ्यात पाणी बर्फासारखं असतं, मासा तळाशी पडून राहतो, फार लांब पाठलाग करत नाही. म्हणून स्पून प्रवाहाला आडवा टाकायचा, तंगूस ताणलेला ठेवायचा आणि प्रवाहालाच तो हळूहळू काठाकडे आणू द्यायचा. मधूनमधून दगडाला टक्‌ लागलं की समजायचं, खोली बरोबर आहे. म्हणजे तुमचा स्पून मंद गतीत डुलला पाहिजे. बावखळात भराभर ओढून पाहू नका, शतपावलीच्या चालीने ओढा.

अकरा ग्रॅम उत्तम वजन. खोल डोहासाठी १९ ग्रॅमचेही तीन-चार करा, १६ गेजमध्ये साडेसहा बाय २.७ सें.मी. घ्या. गळ एकेरी लावा, तिहेरी नको, आणि उलटा काटा पकडीने दाबून टाका. नियम नदीगणिक बदलतात, पण इथे अनेक नद्यांवर तशी सक्तीच आहे. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर शाबूत असेल तर तो जंगली स्टीलहेड, त्याला सोडायचंच असतं. एकेरी गळाने तो धड सुटतो.

रंग म्हणाल तर अर्धा चांदीसारखा, अर्धा पितळी. हिरवट पाण्यात माझा सगळा भरवसा त्याच्यावर.

कासारआळी

चांदीसारखा अर्धा भाग हवा ना? कल्हई लावा की! पितळ चिंच-मिठाने लख्ख घासा, अर्ध्यावर ओल्या मातीचा लेप द्या, तापवा, नवसागर भुरभुरा आणि कथील कापसाने पुसत न्या. उघड्यावर करा, नवसागराचा धूर डोळ्यांना झोंबतो. आणि कल्हईआधी बाहेरच्या अंगाला मठार, म्हणजे हातोडीचे बारीक ठोके, द्या. एकेक ठोका म्हणजे एकेक छोटा आरसा, शिवाय पत्राही ताठ होतो. कथील २३२ अंशांना वितळतं, तेवढ्या तापाने मठाराचा ताठपणा जात नाही.

लालबागचा फिटर

मंडळी, काल वसईहून आलो. सहा नग तापवून, चपटे करून, नव्याने वळवले. चिरलेले दोन कापून छोटे केले, ते खाडीकाठ यांच्या तीर्थनसाठी ठेवलेत, पत्ता कळवा.

कल्हईला पहिल्या नगावर कथील गोळा होऊन बसलं, घासण्यात माझीच घाई झाली होती. दुसऱ्याला दोनदा घासलं, तर पुसता पुसता पांढरी लकेर सरळ मातीच्या रेघेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. मठाराचे ठोके शेपटीकडे दाट आणि तोंडाकडे विरळ ठेवले.

बावखळाच्या काठाने शतपावली घालत ओढला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, आणि दर वेळी एकदा पांढरा, एकदा पिवळा चमकतोय. वीस फेऱ्या मारल्या, तंगूस सरळच्या सरळ. बहीण पायरीवर बसून बघत होती. शेवटच्या फेरीला माझ्या हातून दोरी घेतली आणि म्हणाली, "एक मला ओढू दे, त्याला फोनवर सांगते."

आता १६ गेजचा पत्रा आणायला निघालोय.