स्टेट फॉरेस्टमध्ये तंबू टाकून राहायचंय, बाबा सोबत आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. जुलैच्या शेवटच्या वीकेंडला न्यूयॉर्कमध्ये इथाकाजवळच्या डॅन्बी स्टेट फॉरेस्टमध्ये दोन रात्री राहायचं ठरवतोय, मी, बायको आणि गावाहून आलेले बाबा. स्टेट पार्कात नळ, शॉवर, आखलेली जागा सगळं मिळतं पण शेजारच्यांचे स्पीकर रात्री उशिरापर्यंत चालू असतात आणि बाबांना ते अजिबात सहन होत नाही, उभी हयात शेतावर राखणीला झोपलेला माणूस, इथे अपार्टमेंटमध्ये त्यांचा जीव रमत नाहीये. एकदा तरी त्यांना नीट काळोख आणि रातकिडे ऐकायला मिळावेत एवढंच मनात आहे.

नियम वाचलेत. रस्ता, ट्रेल, पाणी यांपासून १५० फूट लांब तंबू, नाहीतर 'कॅम्प हिअर'ची गोल पाटी असेल तिथे. तीन रात्रींपर्यंत आणि दहापेक्षा कमी माणसं असली तर परमिट लागत नाही. लाकडं न्यू जर्सीतून न्यायची नाहीत, त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात, तिथलीच पडलेली वाळकी वापरायची.

आता अडतंय ते असं. त्या जंगलातून फिंगर लेक्स ट्रेल ही लांब पायवाट जाते, तिच्या त्या भागातले ओहोळ जुलैअखेर वाहते असतात का? फिल्टर आहे, पण ओढाच कोरडा निघाला तर काय करायचं, म्हणून पाणी गाडीतून किती न्यावं ते सांगा. दुसरं म्हणजे काळी अस्वलं. बाबांना रात्री गरम पिठलं लागतंच, आणि लसणाची फोडणी रानात किती लांब जाते देव जाणे. चूल तंबूपासून लांब मांडू, डबे दोरीने झाडावर टांगू, की सरळ बेअर कॅनिस्टरच, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा डबा, घ्यावा?

सगळ्यात जास्त काळजी टिक्सची, म्हणजे गोचीड. या दिवसांत हरणांवरच्या गोचिडांची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, दिसतसुद्धा नाहीत आणि लाइम हा आजार बहुतेकदा त्यांच्यामुळेच होतो. कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मारणार आहे, पण बाबा लेंगा आणि चपला सोडायला तयार नाहीत. वडीलधाऱ्यांना पायमोज्यात लेंगा खोचायला तुम्ही कसं पटवलंत?

खड्डा खणून शौचाला बसायचं बाबांना काही वाटत नाही, गुडघे ठणठणीत आहेत. फोनला रेंज कुठपर्यंत येते आणि गाडी लावून फार चालावं लागणार नाही अशी जागा कोणती, हे कुणी तिथे राहून आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, त्यावरच जायचं की नाही ते ठरवणार आहे.