कंपवाताचा नृत्यवर्ग आणि कंपनीचा प्रयोग : रंगमंच एकच असावा का?

विलंबित :
मार्क मॉरिस डान्स ग्रुप ही न्यूयॉर्कची आधुनिक नृत्याची कंपनी 1980 सालची. 2001 मध्ये ब्रुकलिनमध्ये तिची स्वतःची इमारत झाली आणि त्याच वर्षी तिथल्या पार्किन्सन (म्हणजेच कंपवात) गटाच्या ऑली वेस्टहायमर यांच्या पुढाकाराने कंपवात असलेल्यांसाठी वर्ग सुरू झाला. शिकवायला कंपनीचेच नर्तक, साथीला प्रत्यक्ष वाजणारा पियानो. आता असे वर्ग वीसहून जास्त देशांत चालतात. पुण्यातही पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या शुभार्थींसाठी (कंपवात असलेल्यांना तिथे असं म्हणतात) हृषीकेश पवार यांनी समकालीन नृत्याचा वर्ग चालवला.

माझं म्हणणं असं : कंपनीचा तिकीट लावून प्रयोग होतो, त्यातच या वर्गाला दहा-बारा मिनिटं द्यावीत. 'सामाजिक उपक्रम' म्हणून वेगळा रविवार, वेगळा हॉल आणि समोर फक्त नातेवाईक, हे नको. ब्रुकलिनच्या वर्गात कंपनीच्या रचनांमधलेच तुकडे बसून करता येतील असे करून शिकवतात. रचना तीच, तर प्रेक्षक वेगळे का?

पडद्यामागचा :
रचना तीच असेल, रंगमंच तो नाही. एकेक बघू.

विंगेतून प्रवेश : दोन काळ्या पडद्यांमधली अरुंद फट म्हणजे कंपवाताच्या माणसासाठी दारच. पाय गोठतात, म्हणजे जागीच खिळतात, ते अशाच ठिकाणी, नाहीतर वळताना. अंधार : तोल सांभाळायला ही माणसं डोळ्यांवर जास्त विसंबतात, आणि आपण दोन तुकड्यांच्या मध्ये मिट्ट काळोख करतो. आडवे दिवे : आधुनिक नृत्यात विंगेत नडगीच्या उंचीवर दिवे लावतात, बाजूला वळलं की थेट डोळ्यांत. मॅट (नाचासाठी जमिनीवर अंथरतात ते आवरण) : 9 मीटर रुंदीच्या रंगमंचाला दीड मीटरचे सहा पट्टे, म्हणजे पाच सांधे. चिकटपट्टी एका ठिकाणी जरी उचलली तरी पाय घासत चालणारा माणूस तिथेच अडखळणार. मेकअपच्या खोलीपासून स्वच्छतागृहापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे तर आपल्याकडच्या नाट्यगृहांत विचारूच नका.

विलंबित :
यादी चोख आहे, पण तिच्यातलं बहुतेक सुटण्यासारखं आहे. प्रवेशच ठेवू नका. पडदा उघडतो तेव्हा सगळे खुर्च्यांवर बसलेले हवेत. खुर्ची बिनहाताची, बिनचाकाची, बसल्यावर तळवे पूर्ण टेकतील एवढ्या उंचीची. आणि काळ्या मॅटवर काळी नको, ती दिसत नाही. काळोखाऐवजी दिवे मंद करा. नडगीचे दिवे त्या तुकड्यापुरते बंद. चालायचंच असेल तर मॅटवर आडव्या ठळक पट्ट्या मारा, पाऊलभर अंतराने; पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय उचलला जातो. वळण जागच्या जागी गिरकी मारून नाही, मोठा अर्धगोल घेऊन. दर दोघांमागे एक मदतनीस, आणि तो नाचातच सामील, काळे कपडे घालून मागे उभा राहिलेला पहारेकरी नव्हे.

तिहाई :
'रचना तीच' हे वाक्य मॉरिसपुरतं खरं, कारण त्याचं सगळं नृत्य संगीताला धरून असतं. 1988 सालच्या त्याच्या 'लालेग्रो'त चोवीस नर्तक हँडेलच्या संगीतावर नाचतात. तालही ऐकू येतो आणि गाण्याच्या ओळीचा अर्थही हातांत दिसतो. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमची रचना घ्या : तिथे संगीत आणि नृत्य वेगवेगळं तयार व्हायचं, नर्तक अनेकदा प्रयोगाच्या रात्रीच संगीत ऐकायचे. ती पद्धत शुभार्थींच्या काय कामाची? आतून हालचाल सुरू करण्याची यंत्रणाच मंदावलेली असते, म्हणून बाहेरून ठोका लागतो. केरवा चालेल, समेचा ठोका स्वच्छ. नुसता गुंजणारा तंबोऱ्यासारखा ध्वनिपट (आपल्या समकालीन मंडळींचा लाडका!) लावला की वर्ग बसल्या जागी थिजतो. प्रत्येक कंपनीने हा उपक्रम हाती घ्यावाच असं नाही.

नाडीपरीक्षा :
वैद्यकीय बाजूचं थोडं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या 2009 च्या अभ्यासात कंपवात असलेल्यांचे तासाभराचे वीस वर्ग तेरा आठवड्यांत झाले. टँगो आणि बॉलरूम (दोन्ही जोडीने करायचे पाश्चात्य नाच) दोन्ही गटांचा तोल सुधारला, टँगोचा काहीसा जास्त. टँगोत थांबणं, मागे पाऊल टाकणं, पुन्हा निघणं सतत येतं. म्हणजे गुण आला तो आठवड्यामागून आठवडे केलेल्या सरावाचा, एका रात्रीच्या टाळ्यांचा नाही. आजार हटतो असं तर कोणीच म्हणत नाही. जाहिरातीत 'नृत्योपचार' छापणाऱ्यांनी ते जपून वापरावं.

रंगमंचावर न्यायचंच तर गोळीचं वेळापत्रक आधी मागून घ्या. लेव्होडोपा हे कंपवाताचं मुख्य औषध घेतल्यावर साधारण अर्धा ते एक तासाने अंग मोकळं होतं आणि काही तासांत परिणाम ओसरतो. प्रमुख पाहुण्यांची भाषणं पाऊण तास लांबली की तुमची बारा मिनिटं नेमकी ओसरत्या काळात येतात. गोळीच्या जोडीला प्रथिनं पोटात गेली की औषध उशिरा लागतं, तेव्हा प्रयोगाआधी पनीर सँडविच वाटू नका. बसलेल्यांना एकदम उभं करू नका, रक्तदाब घसरून घेरी येते.

पडद्यामागचा :
@विलंबित, खुर्च्या आणि पट्ट्या मान्य. पण जो मुद्दा अजून कोणी काढला नाही तो असा की प्रयोग ठरला की वर्ग संपतो. सव्वा तासाच्या वर्गात बसून अंग सैल करणं, खुर्चीमागे उभं राहून पावलं, मग दालनभर चालणं आणि शेवटी हात धरून गोल, एवढं बसतं. प्रयोग जवळ आला की पुढचे सहा आठवडे त्याच बारा मिनिटांची घोटवणी. चेहऱ्याचे, आवाजाचे, हाताच्या बोटांचे प्रकार मागे पडतात. आणि ज्याला क्रम आठवत नाही त्याचं काय? 'काका, तुम्ही मागच्या ओळीत बसा.' वर्गात चुकायला मुभा होती, ती गेली.

तिहाई :
+1. शिवाय टाळ्या कशाच्या? तरुण नर्तकाचा तोल गेला तर प्रेक्षक कुजबुजतात, इथे तोल गेला तर टाळ्या वाढतात. तिकीट काढून आलेल्याला दया दाखवायला लावणं ना त्याच्यावर न्याय, ना नाचणाऱ्यावर.

विलंबित :
दयेचा इलाज रचनेत आहे. कंपनीचे चार नर्तक त्याच खुर्च्यांवर, तोच हातांचा तुकडा करत मधे मधे बसवा. निवेदकाने आजाराचं नाव घ्यायचं नाही, कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यांची नावं एकाच ओळीत. हाताचा कंप लपवायचा नाही. लांब पल्ल्याच्या हालचाली दिल्या की तो तिथे वेगळा उठून दिसत नाही.

घोटवणीबद्दल मात्र पडद्यामागच्यांचं खरं आहे. मग ठरवून बसवूच नये. शिक्षकाने रंगमंचावर समोर बसून वर्गात दाखवतो तसं दाखवावं, बाकीच्यांनी बघून करावं. पाठांतर शून्य. सराव दोनच, दोन्ही त्याच रंगमंचावर, त्याच वेळेला. वर्ग ठरल्या वारी चालूच.

नाडीपरीक्षा :
समोर बसून दाखवणं चालेल. फक्त शिक्षकाने बोलत बोलत दाखवू नये. एका वेळी ऐकणं, बघणं आणि हलणं तिन्ही सांभाळताना पाऊल चुकतं.

पडद्यामागचा :
शिक्षकाने प्रेक्षकांकडे पाठ करून बसायचं? आपले प्रेक्षक चालवून घेणार नाहीत, पण बसू दे. आणि हा तुकडा शेवटी नको, मध्यंतरानंतर लगेच. मध्यंतरात मॅट पुसता येते, चिकटपट्ट्या तपासता येतात, खुर्च्या पडद्याआड निवांत मांडता येतात. रात्री साडेनऊच्या खेळात तरीही नाही, दुपारचा खेळ असेल तर बोला.