तिसरं मूल सरपंचाला नडतं, आमदाराला का नाही?

खाडीकाठ: काल इथं कुणीतरी लिहिलं, ‘कायदे करणं हे आमदाराचं काम, त्याला ग्रामपंचायतीचे नियम कशाला लावायचे?’ हे वाचून गप्प बसवत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14 काढून बघा. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं, पद गेलं. घरपट्टीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही, गेलं. शौचालय नाही, गेलं. सरकारी जागेत अतिक्रमण, गेलं. हे नियम केले विधिमंडळानं, आणि यातला एकही आमदाराला लागू नाही.

देवगडकर: आमदारांनी ठरवलं तरी स्वतःला लावता येत नाही. त्यांची अपात्रता राज्यघटनेच्या कलम 191 नं आणि संसदेच्या कायद्यानं ठरते. पंचायतीची घटनेच्याच 243 एफ नं राज्याकडे दिली आहे. हरयाणाच्या दोन मुलांच्या नियमावरच्या खटल्यात 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा फरक मान्य केलाय. आणि आमदार मोकाट नाही. दोन वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी जाते, 2013 पासून नुसतं अपील करून ती टिकत नाही.

खाडीकाठ: 191 चं मानावंच लागेल. पण ठराव करून केंद्राकडे पाठवायला कुणी हात धरलेत?

हर्णैची मावशी: मुलांचं राहू दे, अतिक्रमणाचं बोला. कोळीवाड्यातली घरं पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर आहेत आणि सातबाऱ्यावर ‘सरकार’. बाई निवडून आली की हरलेला माणूस ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालापासून तर अतिक्रमण सासऱ्याचं असलं आणि सून तिथं राहत असली, तरी सुनेचं पद जातं.

देवगडकर: जायलाच हवं! सरपंचच सरकारी जागेत राहणार असेल तर बाकीच्यांची अतिक्रमणं काढणार कोण?

हर्णैची मावशी: जागा नावावर करून न देणारं सरकार, आणि शिक्षा आमच्या सुनांना? याला न्याय म्हणू नका.

मोजणीदार: भांडा, पण आधी कागद बघा. नमुना 8 वर नाव आहे, घरपट्टी भरतो, म्हणजे जागा आपली, या समजुतीनं पदं जातात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. उमेदवारी अर्ज भरण्याआधी सातबारा आणि गावठाणाचा नकाशा काढा, तलाठ्याकडचा नमुना 1-ई बघा. अतिक्रमणाची नोंद तिथं असते. घर हद्दीवर असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. तक्रारदारही फसतो: नुसते फोटो जोडतो, अतिक्रमण कुठं आणि किती ते मोजणीशिवाय ठरत नाही. निकाल विरोधात गेला तर अपिलाला 15 दिवसच असतात, तेव्हा निकालाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.

देवगडकर: बरं, कोळीवाड्याच्या जागा आधी नावावर कराव्यात, एवढं मान्य. आमदारांबद्दल माझं मत तेच. ते उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात खटले, मालमत्ता, सरकारी देणी सगळं लिहून देतात.

खाडीकाठ: लिहून देतात, आणि थकबाकी लिहिली तरी अर्ज वैध राहतो! ग्रामपंचायत सदस्याला मात्र तीन महिने थकलेली घरपट्टी नडते. संसदेकडून हा एक नियम तरी आमदाराला लावून घ्या, मुलांचं मग बघू.