स्पेसर टाकला म्हणजे लिफ्ट झाली? व्ही-क्रॉसवाल्यांनो, आधी वजनकाट्यावर जाऊन या

कातळवाट:
परवा इथे एका भाऊंनी लिहिलं, की इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपला पुढे शॉकच्या वर स्पेसर (जाड चकती), मागे कमान (पाट्यांची स्प्रिंग) आणि एक्सलच्या मध्ये ब्लॉक (ठोकळा), एका दुपारचं काम, दोन इंच लिफ्ट मिळते म्हणजे गाडी तेवढी उंच होते, आणि स्प्रिंग-शॉकचं लाखभराचं किट घेणारे निव्वळ माजलेत. खाली सगळ्यांचे अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी माजलेला नाही हो. राजापूरकडे कलमं आहेत, बागेपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर जांभ्याचा रस्ता, रस्ता म्हणायचं आपलं. 2017 ची गाडी. पहिल्या वर्षी मीपण स्पेसरच टाकला होता, 25 एमएमचा. शॉक चाकाला धरणाऱ्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसतो त्यामुळे वर 25 टाकला की चाकापाशी जवळजवळ दुप्पट मिळतो, दिसायला गाडी झकास. पण स्प्रिंग तीच, शॉक तोच, फक्त अख्खा स्ट्रट (स्प्रिंग-शॉकची जोडी) खाली ढकललाय. चाक खड्ड्यात लोंबलं की चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सीव्ही जॉइंट कंपनीने धरलेल्या कोनाच्या पुढे वाकतो. दुसऱ्या पावसाळ्यात त्या जॉइंटवरचं रबरी बूट फाटलं, ग्रीस सगळं रिमच्या आतून उडालेलं. अलाइनमेंटवाला म्हणाला कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागेपुढे कल) बसत नाही, आहे तसं घेऊन जा. हायवेला स्टिअरिंग तरंगायचं. मागे ब्लॉक होते, चढावर पहिल्या गिअरला ॲक्सिलेटर दिला की एक्सल मुरडायचा आणि कमान थडथडायची.

म्हणून सांगतो, किती इंच ते नंतर विचारा. गाडीवर कायमचं वजन किती ते आधी बघा. मार्केट यार्डच्या काट्यावर जा, आधी फक्त पुढची चाकं घ्या, मग फक्त मागची, पावती ठेवा. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोराचा रहाट) असेल तर पुढची स्प्रिंग वेगळी लागते. मागे कॅनोपी (हौद्यावरचं छप्पर) नि सामान कायम असेल तर कमान जड. ओल्ड मॅन एमू घ्या, आयर्नमॅन घ्या नाहीतर टफ डॉग, या सगळ्या कंपन्यांकडे वजनाप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात. नुसतं "दोन इंचाचं द्या" म्हणालात की दुकानदार पडून असलेलं गळ्यात मारतो.

पठारी_पुणेकर:
ती पोस्ट माझी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. 40 हजार किलोमीटर झाले माझ्या स्पेसरला, बूट शाबूत आहे. तुम्ही रोज जांभ्यावर आपटणार आणि दोष स्पेसरला. माझी गाडी महिन्यातून एकदा ताम्हिणीत जाते, बाकी ऑफिस. त्यासाठी लाख घालू? शंभर ग्रॅम पोह्यांना लग्नाचं पातेलं लावतात का कोणी?

ऊसवाला_कोल्हापूर:
काय राव तुम्ही दोघं. आमच्यात पिकअपला कमानवाल्याकडं नेत्यात, दोन पाटे वाढवत्यात, यू-बोल्ट लांब घालत्यात, चहा पिऊस्तवर गाडी वर. उसाचं वाडं भरून शेतातनं निघती. किट म्हणं.

कातळवाट:
दादा, भरलेली असते तेव्हा उत्तमच. रिकामी परत येताना मणक्याला विचारा. आणि पाटा मागे वाढतो, पुढचं काय?

ऊसवाला_कोल्हापूर:
रिकामी येतीच कशाला, खत घिऊन येती.

डिफवाला:
मुळात लिफ्टने तुमचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला तो गोळा, एक मिलीमीटरही वर जात नाही, तो चाकांच्याच उंचीवर असतो. जो दगड डिफला लागत होता तो दहा इंच लिफ्ट केली तरी लागणार. कंपनीचे 255/65 आर 17 टायर काढून 265/70 घाला, टायरचा व्यास 40 एमएमने वाढतो, डिफ 20 ने उचलला जातो. मग स्पीडोमीटरचा काटा 100 दाखवेल तेव्हा तुम्ही 105 ने पळत असाल, ते लक्षात ठेवा. लिफ्ट नकोच.

कातळवाट:
डिफचं बरोबर. पण व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) 3095 एमएम आहे. बांधावरून उतरताना पोट टेकतं ते टायरच्या 20 एमएमने सुटत नाही. आणि तो टायर वळताना आत घासतो, म्हणून परत लिफ्टच.

डिफवाला:
पोटाचं मान्य. तेवढंच.

तिसरी_पाळी:
तुमचं डिफ आणि पोट चालू द्या, मी बाइकवाला आहे, मला एकच सांगा, हे सगळं करून झाल्यावर हेडलाइट कोण खाली करतं? चाकण-शिक्रापूर रोडवर रात्री साडेअकराला सुटतो मी. समोरून उंच केलेला पिकअप आला की रस्ता संपतो. डिपरवर असतो तो, म्हणजे त्याच्या मते डिपरवर. मागच्या पावसात असाच एक आला, मला साइडपट्टी दिसलीच नाही, खडीत घसरलो, कॉलरबोन. दोन महिने बिनपगारी. तुम्ही कॅस्टर बोला.

पठारी_पुणेकर:
वाईट झालं, पण त्यात लिफ्टचा काय संबंध? एसयूव्हीवाले काय कमी आहेत? दोन इंचाने प्रकाश दोन इंच वर जातो, एवढंच.

डिफवाला:
नाही साहेब, इथे तुम्ही चुकताय. पिकअप कंपनीतून येतानाच मागून वर आणि पुढून जरा दबलेला असतो, माल भरला की सरळ व्हावा म्हणून. तुम्ही पुढे किती आणि मागे किती उचललं?

पठारी_पुणेकर:
पुढे दोन, मागे एक. सगळे तसंच करतात, लेव्हल दिसते.

डिफवाला:
म्हणजे तीन मीटरच्या व्हीलबेसवर नाक एक इंच वर. तीस मीटरवर तोच प्रकाश दहा इंच वर. त्यात मागे दोन ड्रम टाका. बाइकवाल्याचे डोळे नेमके तिथेच असतात.

नियम_बावन्न:
या सगळ्याची गरजच नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, आरसीतल्या कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर आला की कळेल.

पठारी_पुणेकर:
आले. सायलेन्सर, टायर, लिफ्ट, कुठलाही धागा असो, हे कलम घेऊन हजर. घरी वहिनींनी पडदे बदलले तरी कलम लावता का?

नियम_बावन्न:
वैयक्तिक जाऊ नका. कायदा सांगितला तर झोंबतो.

तिसरी_पाळी:
झोंबू द्या. आणि या पठारी साहेबांच्या प्रोफाइलच्या फोटोत टपावर एलईडी बार आहे, तो बघा आधी. दीड हात लांबीचा. तो कुठल्या ताम्हिणीसाठी?

पठारी_पुणेकर:
तो हायवेला झाकलेला असतो. फोटो बघून माणूस ठरवू नकोस.

तिसरी_पाळी:
फोटो रात्रीचा आहे, बार चालू आहे, शेजारी टोलनाका आहे. अजून काय ठरवू?

ऊसवाला_कोल्हापूर:
आता कसं.

कातळवाट:
मी धागा स्प्रिंगांचा काढला होता... पण खरं सांगू का, किट बसवल्यावर अलाइनमेंट केली, ब्रेक पाइप ताणला जातोय का ते वाकून बघितलं, हजार किलोमीटरला बोल्ट परत टाइट केले, हेडलाइट मात्र मीही बघितले नव्हते. बागेतून पेट्या भरून निघालो की समोरचे लाइट मारायचे, मला वाटायचं ओळखीचे आहेत, मी हात करायचो. गावच्या एसटी ड्रायव्हरने शेवटी गाडी थांबवून झापलं.

पठारी_पुणेकर: (दोन दिवसांनी)
काल रात्री पार्किंगच्या भिंतीसमोर गाडी लावून बघितली. आधी रिकामी, मग मागे पाण्याचे चार कॅन ठेवून. खडूने रेघा मारल्या. वॉचमन विचारतो, साहेब क्रिकेटचे स्टंप का? कॅन ठेवल्यावर रेघ चांगलीच वर गेली, कबूल. लाइट खाली करून घेतले. स्पेसर काढणार नाही. काट्यावरही जाऊन येईन, पण तुमच्या सांगण्यावरून नाही, सोसायटीचं भंगार द्यायला तिथेच जायचंय म्हणून.

तिसरी_पाळी:
बरं केलंत. आणि बार?

पठारी_पुणेकर:
बार राहणार.

तिसरी_पाळी:
मग कव्हर तरी घाला. चाकणला दीडशे रुपयाला मिळतं, पैसे मी देतो.