दुधाची ॲलर्जी आणि चॉकलेट: बेळगावात काय घ्यावं, घरी काय करावं?

अनगोळची आई

मुलगी सात वर्षांची. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी, तपासणीत पक्की झालेली. दूध, दही, तूप, खवा, सगळं बंद. कुंद्याच्या गावात राहून मिठाईवर फुली पडलीच आहे, आता चॉकलेटचं काय ते ठरवायचंय.

दुकानात विचारलं की "डार्क घ्या, हिरवा ठिपका आहे, चालतंय की" असं उत्तर मिळतं. काही वेष्टनांवर घटकांत दूध दिसत नाही, पण खाली बारीक अक्षरात 'मे कंटेन मिल्क' असतं. ते मनावर घ्यायचं का? कोको बटरमधलं 'बटर' म्हणजे लोणीच का? आणि पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे. केकवर ओतायला आणि वाटायला चॉकलेट घरी करता येईल का?

लेबलवाचक

ताई, तपासणी झालेली आहे ते बरं, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. लॅक्टोज न पचणं हा पोटाचा त्रास आहे. ग्लासभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि तेवढंही बऱ्याच जणांना सोसतं. अशा माणसाला चॉकलेटमधल्या दुधाच्या अंशाने काही होत नाही. प्रथिनांच्या ॲलर्जीचं गणित निराळं आहे. तिथे केसीन आणि व्हे ही प्रथिनं शत्रू आहेत आणि अगदी थोडी पुरतात. म्हणून 'मला तर हे चॉकलेट चालतं' असं कुणी सांगितलं की आधी विचारा, नक्की काय चालत नाही तुम्हाला? 'लॅक्टोज फ्री' लिहिलेला माल तुमच्या मुलीसाठी नाही, त्यात प्रथिनं तशीच असतात. शेळीचं दूधही नको, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच आहेत.

आता वेष्टन. पुढची बाजू विसरा. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी म्हणतो, आणि आपल्याकडे दूध शाकाहारीच आहे. '७० टक्के' हा आकडा कोकोचा असतो. उरलेल्या ३० टक्क्यांत साखर असते, आणि दुधाची चरबीही असू शकते. डार्कमध्ये दुधाची चरबी कशाला, तर चॉकलेटवर काही दिवसांनी पांढरट बुरशीसारखा थर येतो तो तिने उशिरा येतो. लेबलवर ती 'बटर ऑइल', 'मिल्क फॅट' किंवा 'ॲनहायड्रस मिल्क फॅट' अशा नावाने दिसते.

मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून दूध शेवटी शेवटी सापडतं. शेवटपर्यंत वाचा. मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसीन, केसीनेट, लॅक्टोज, बटरमिल्क पावडर, घी यांतलं काहीही दिसलं की पाकीट परत फळीवर. घाबरू नका असेही शब्द आहेत. कोको बटर म्हणजे कोकोच्या बियांतलं तेल, लोण्याशी संबंध नाही. यादीतले आकडे म्हणजे मिश्रकांचे क्रमांक. ३२२ हा लेसिथिन, बहुतेक सोयाचा. ४७६ चॉकलेट पातळ ठेवायला घालतात, तोही दुधाचा नाही.

यादीखाली 'कंटेन्स' ची ओळ असते. दूध घटक म्हणून घातलं असेल तर ते ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करणं आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत बंधनकारक आहे. पण ही ओळ घातलेल्या दुधाबद्दल बोलते, चुकून मिसळलेल्या नाही.

चॉकलेट लाइन

'मे कंटेन' बद्दल सांगतो, कारण लोक त्याला वकिली मजकूर समजून सोडून देतात.

कारखान्यात मिल्क आणि डार्क बहुधा एकाच पाइपातून, एकाच टाकीतून आणि त्याच साच्यांत जातं. भांडं असतं तर पाण्याने खळखळून धुतलं असतं. चॉकलेटच्या यंत्रात पाणी चालत नाही. थेंबभर ओल राहिली तरी पुढचा घाणा दाटून बसतो, शिवाय ओलीत जंतू वाढतात. म्हणून मिल्क झालं की डार्कच्याच काही किलोंनी पाइप 'धुतात' आणि पुढे डार्क चालू करतात. वळणात, पंपात, झडपेच्या कोपऱ्यात राहिलेलं मिल्क हळूहळू सुटत राहतं. त्यामुळे दूध सगळ्या बारांत सारखं वाटलं जात नाही. एका खोक्यातला एक बार स्वच्छ आणि शेजारचा दूषित असं होतं. मागच्या वेळी खाल्लं, काही झालं नाही, यावरून पुढच्या बारबद्दल काहीच कळत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ९४ डार्क बार तपासले होते, निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले. फक्त ६ बारांवर दूध घटक म्हणून लिहिलेलं होतं. उरलेल्या ८८ पैकी ५१ मध्ये दूध सापडलं. म्हणून तुमच्या मुलीसाठी 'मे कंटेन मिल्क' म्हणजे 'नाही'. आणि अमेरिका-युरोपात ही ओळ छापणं ऐच्छिक आहे, तेव्हा आयात केलेल्या बारवर ती नसली म्हणून बार सुरक्षित ठरत नाही.

'व्हीगन' शब्दालाही भुलू नका. २०२२ च्या नियमांनंतर आपल्याकडे व्हीगन मालावर हिरव्या चौकटीत पान फुटलेल्या 'व्ही' ची खूण येते. प्राण्यापासून आलेलं काही घातलेलं नाही एवढं ती सांगते. तो पदार्थ ॲलर्जीवाल्यासाठी तपासलाय असं त्यात नाही. व्हीगन बारवर 'मे कंटेन मिल्क' छापलेलं असू शकतं, आणि त्यात विसंगती काही नाही.

कंपनीला मेल करताना 'तुमचं चॉकलेट डेअरी फ्री आहे का' असं विचारू नका, 'हो' असं एका शब्दाचं उत्तर येतं. विचारा: याच यंत्रावर दूध असलेला माल चालतो का? दोन मालांच्या मध्ये सफाई कशी करता? तयार मालाची दुधाच्या प्रथिनासाठी चाचणी होते का, आणि दर बॅचची होते का? दूध नसलेलंच सगळं बनवणारा छोटा कारखाना असेल तर पहिल्याच प्रश्नाला सरळ 'नाही' येईल. असा एखादा सापडला तर त्याला धरून राहा.

खानापूरकर

बेळगावच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

आपल्याकडे चॉकलेट म्हणजे कॅडबरी, नाव कुठलंही असो. दुकानदाराला 'दूध नसलेली कॅडबरी द्या' म्हटलं तर तो काळं वेष्टन पुढे करणार. बिचाऱ्याला कसं कळणार? पाकीट हातात घेऊन आपणच वाचायचं. स्थानिक मालावर कधी कन्नड मजकूर असतो. 'हालु' म्हणजे दूध, 'हालिन पुडी' दूध पावडर, 'बेण्णे' लोणी, 'तुप्प' तूप. लिपी येत नसेल तर फोटो काढून कुणाला तरी वाचायला द्या. बेकरीत "इद्राग हालु ऐतेन्री?" (यात दूध आहे का?) असं विचारा, पण त्यावर थांबू नका, "डालडा का तूप, कंडेन्स्ड मिल्क घातलंय का" हेही विचारा.

बेकरीतला एगलेस केक तर डोळे झाकून नाही. अंडं काढलं की मऊपणासाठी बहुतेक ठिकाणी दही नाहीतर कंडेन्स्ड मिल्क जातं, म्हणजे साध्या केकपेक्षा दूध जास्तच. 'डार्क कंपाउंड'ची लादी वाचल्याशिवाय घेऊ नका. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, आणि काहींत दुधाचे घन पदार्थही असतात. बरण्यांतली सुटी, हाताने बनवलेली चॉकलेटं आणि रविवार पेठेत किलोवर मिळणारी सुटी कोको पावडर, दोन्ही सोडा. एकच पळी दूध पावडरीच्या पोत्यातही जाते.

गोकाकचा करदंट चॉकलेट नाही म्हणून चालेल असं वाटतं, पण डिंक आणि सुका मेवा बहुधा तुपात तळलेला असतो. तेलात करून घेतलेला असेल तरच.

शहापूरची बेकर

केकसाठी आणि बारसाठी दोन वेगळ्या कृती.

बार, १०० ग्रॅमचा: कोको बटर ४०, कोको पावडर ३०, दळलेली साखर ३०, चिमूटभर मीठ. कोको पावडर बिनसाखरेची, पाकीटबंद, घटकांत फक्त कोको असलेली. 'ड्रिंकिंग चॉकलेट' नको, त्यात साखर आणि कधी दूध असतं. ही पाकिटंही वरच्याच कसोटीवर तपासा.

साखर मिक्सरवर दळताना एक फसगत होते. झाकणाच्या रबरी रिंगमध्ये ताकाचा, लस्सीचा अंश राहतो, वरून ते दिसतही नाही. रिंग काढून साबणाने घासा, नाहीतर वेगळं भांडंच ठेवा. चाळण आणि लाकडी चमचाही वेगळा, लाकूड तूप पितं.

कोको बटरचे ३० ग्रॅम गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवा, १० ग्रॅम बारीक किसून बाजूला ठेवा. पाणी उकळायला नको आणि वाटीच्या बुडाला लागायला नको. साखर-कोको चाळून घाला, ४५ अंशांपर्यंत नेऊन पाच मिनिटं सारखं हलवा. खाली उतरवा. ३४ अंशांवर आलं की किसलेलं कोको बटर घाला आणि ३१-३२ होईपर्यंत हलवत राहा, मग साच्यात. हा किस कशाला? कोको बटर अनेक प्रकारच्या स्फटिकांत गोठतं. चमक आणि 'कट्' असा तुकडा पडणं एकाच प्रकाराने येतं, आणि किसातले तयार स्फटिक बाकीच्याला त्याच वळणावर नेतात. ही पायरी गाळली तर बार मऊ राहतो आणि चार दिवसांत राखाडी पडतो. खाण्यात वाईट नाही, दिसायला वाईट.

सुरीचं टोक बुडवून सावलीत ठेवा. पाच मिनिटांत चमकून गोठलं तर जमलं. मे महिन्यात दुपारी हे जमायचं नाही, पहाटे करा. थोडी रवाळ चव राहीलच. कारखान्यात कण २०-२५ मायक्रॉनपर्यंत दळतात, मिक्सरला ते शक्य नाही. हौस असेल तर दगडी इडली ग्राइंडरवर तासन् तास दळता येतं, घरगुती चॉकलेटवाले तेच वापरतात. कोकोच्या बिया तर आपल्याच राज्यात, दक्षिण कन्नडमधल्या सुपारीच्या बागांतून येतात.

केकवर ओतायला एवढी खटपट नको. वरचं चॉकलेट १०० ग्रॅम बारीक चिरा. ताज्या नारळाचं पहिलं दाट दूध ७० ग्रॅम, कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम करून त्यावर ओता. दोन मिनिटं थांबा, मग मधून बाहेर हलवा. तेल सुटलं तर कोमट नारळाचं दूध चमचा-चमचा घाला, परत एकजीव होतं. नारळाच्या दुधाची पाकीटबंद पावडर वापरू नका, बऱ्याच पावडरींत सोडियम केसीनेट असतं, म्हणजे नारळाच्या नावाखाली दुधाचं प्रथिन.

अनगोळची आई

सगळ्यांचे आभार. दोन शंका. साखरेऐवजी गूळ चालेल? घरी उसाचा चांगला गूळ आहे. आणि कोको बटर महाग पडतं, खोबरेल तेल वापरलं तर?

शहापूरची बेकर

बारमध्ये गूळ नको. गुळात ओल असते आणि तेवढ्या ओलीने साखरेचे कण एकमेकांना चिकटतात, चॉकलेट मळलेल्या कणकेसारखं होतं. वाफेचा थेंब पडला तरी हेच. गंमत अशी की पाणी भरपूर असेल तर हा त्रास नाही, म्हणून नारळाच्या दुधात गूळ विरघळवून केकवरचं चॉकलेट करता येतं. गूळ आधी गाळून घ्या.

खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं. बार होईल, पण फ्रीजमध्येच राहील आणि शाळेच्या डब्यात त्याचा रस्सा होईल. ४० पैकी १० ग्रॅम खोबरेल, ३० कोको बटर एवढंच करा, थोडा मऊ पण धरवेल असा बार होतो. त्यात वरची किसाची युक्ती नीट लागत नाही, तेव्हा चकाकीची अपेक्षा नको.

फ्रीजमधून काढताना डबा बंदच ठेवा, खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा. पावसाळ्यात उघडा काढला की वर दव धरतं, साखर विरघळून पुन्हा पांढरी बसते.

लेबलवाचक

मागवण्याबद्दल एक. ऑनलाइन जाहिरातीतला फोटो जुना असू शकतो आणि कृती बदलतात, म्हणून विक्रेत्याकडून आजच्या मालाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा, बॅच नंबर आणि तारीख दिसेल असा. आयात मालावर आयातदाराची चिकटपट्टी कधी मूळ यादीवरच लावलेली असते. ती उचलून खालचं वाचा. आणि प्रत्येक नवीन पाकीट पुन्हा वाचायचं, तोच बार असला तरी.

वाढदिवसाला पाहुण्यांच्या केकची सुरी वेगळी ठेवा. डॉक्टरांनी प्रतिक्रिया आली तर काय करायचं ते लिहून दिलं असेल, तो कागद आणि औषध पार्टीच्या जागी हाताशी असू द्या, घरच्या कपाटात नको.