चौथीच्या मुलांना साहित्यप्रकार शिकवायला दुसरी शाळा ऑनलाइन जोडावी का?

चौथीच्या बाई
जोडावी. कथा, संवाद, पत्र यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या की मुलं पाठ करतात आणि परीक्षेत पत्राच्या जागी निबंध लिहून येतात. फरक कळतो तो एकच प्रसंग दोन प्रकारांत लिहावा लागला की. आमच्या कोकणातल्या वर्गाने पहिल्या पावसाची गोष्ट गूगल डॉक्समध्ये लिहिली, विदर्भातल्या एका वर्गाने तिथेच तिचा संवाद केला. निवेदन गाळल्यावर तिकडे प्रश्न पडला, छत्री उलटली हे आता सांगणार कोण? शेवटी ते एका पात्राच्या तोंडी आलं: "अगं धर धर, उलटली!" संवादात सगळं बोलण्यातूनच कळवावं लागतं, हे मुलांनी स्वतः शोधलं. शिवाय वाचणारा लांबचा, त्यामुळे तरवा म्हणजे भाताची रोपं कशी काढतात, त्यांची शेतात लावणी कशी होते हे आमच्या मुलांना नीट मांडावं लागलं. बाकावरच्या मित्रासाठी ती एवढं लिहीत नाहीत.

डफ आणि तुणतुणं
साफ विरोध. आपले निम्मे साहित्यप्रकार गळ्यातले आहेत. भारुडाला सोंग घेऊन उभं राहावं लागतं, पोवाड्याला झीलकऱ्यांची, म्हणजे मागे सूर धरणाऱ्यांची, साथ लागते. ते डॉक्समध्ये कसं शिकवणार? नऊ वर्षांचं मूल जोडाक्षराची कळ शोधण्यात तास घालवतं. त्यापेक्षा गावात जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी असेल, तिला वर्गात बोलवा. ती आणखी किती वर्षं असणार आहे?

ठाण्याची पालक
मुलांच्या नावांचं, आवाजांचं काय? 2023च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. शाळा ती घेते का?

चौथीच्या बाई
संमती लेखी घेतली. खातं शिक्षकांचं, मुलांच्या नावाऐवजी गटाचं नाव. मुलं वहीत लिहितात, टाइप मी करते.
आजीला बोलवाच, पण तिची ओवी रेकॉर्ड करून विदर्भात पाठवली आणि तिकडच्या आजीची मागवली, तर दोन चाली शेजारी ऐकायला मिळतात. अभंगालाही दुसऱ्या वर्गाचा उपयोग झाला. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. आमचा एक चरण पाच अक्षरांचा गेला, तिकडून शेरा आला, "एक कमी आहे." वर्ग टाळ्या वाजवत पुन्हा मोजायला बसला.

डफ आणि तुणतुणं
म्हणजे शिकणं टाळ्यांत झालं! माझा आग्रह तोच आहे. आधी ऐका, म्हणा, नाचा, मग लिहा. जोडणी सुरू झाली की पहिल्या दिवसापासून लिहिणंच होतं, कारण पाठवायला तेच सोपं. आणि दोन शिक्षकी शाळेत हे करायचं कोणी?

दोन शिक्षकी शाळेतला
मी करतो. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. व्हिडिओ कॉल जमत नाही, रेंज जाते आणि तिसरी मोकळी सुटते. आठवड्याला एकच देवाणघेवाण ठेवली, तेवढी झेपते. सुरुवात गोष्टीने नको, पत्राने करा. मायना कोणाला काय लिहायचा ते खरा माणूस समोर असला की लगेच कळतं, आणि उत्तर येणार म्हणून मुलं पुन्हा वाचून चुका काढतात. ओवी-भारूड मी वर्गातच घेतो, तिथे डफवाल्यांचं पटतं. जुलैपासून पत्रांसाठी मराठवाड्यातला चौथीचा वर्ग हवा आहे. कोणी तयार असेल तर इथेच कळवा.