भाच्याच्या केसबद्दल मदत हवी आहे (बाल न्याय मंडळ)

रामराम मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला. प्रश्न भाच्याचा आहे, वय 16. मागच्या महिन्यात मोटारसायकल चोरीत सापडला. सोबतची दोघं मोठी होती.

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके, गौराई, सांजोऱ्या, पितरांची घागर आणि पारावर पत्ते. एरवी पत्त्याला हात न लावणारासुद्धा सण आहे म्हणून बसतो. आमच्या दाजींचा डाव मात्र सण सरला तरी उठला नाही. आधी बैलजोडी गेली, मग कपाशीचं वावर गहाण पडलं. दोन वर्षांमागे बहीण आखाजीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. पोरगा बापाकडे राहिला, नववीत शाळा सुटली, दिवसभर टपरीवर. चोरी ती चोरीच, पांघरूण घालत नाही. पण त्याला चोर म्हणणारे त्याच पारावर पिसत बसलेले असतात, ते जास्त लागतं.

18च्या आतला म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो अर्ज केलाय. आता परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरची चौकशी करून अहवाल देतील. त्यांना जुगाराचं, आई-बाप वेगळे राहतात हे सगळं उघड सांगावं का? बहीण त्याला माझ्या घरी ठेवायला तयार आहे, दाजी अडून बसलेत. यातून कोणी गेलं असेल तर सांगा. दहावीला बाहेरून बसायचा 17 नंबरचा फॉर्म केसमुळे अडतो का, तेही.